लाईट आली होती, फक्त सनाला माहीत नव्हतं

पॅनलवरचा लाल दिवा विझला आणि हिरवा लागला. आमच्याकडे हे उलटं असतं. लाल म्हणजे लाईन चालू, हिरवा म्हणजे बंद. ब्रेकर धाडकन उघडल्याचा आवाज यार्डात घुमला आणि सबस्टेशनचे ऑपरेटर म्हात्रे माझ्याकडे न बघताच म्हणाले, "गेला, मॅडम. परत गेला."

गेला तो सावरखारचा फीडर. फीडर म्हणजे सबस्टेशनातून निघून गावांकडे जाणारी अकरा हजार व्होल्टची लाईन. तिच्यावर कुठे दोष आला की ब्रेकर आपोआप उघडतो आणि लाईन बंद पडते. त्याला आम्ही ट्रिप म्हणतो. दुपारी हीच लाईन मी, इथली इंजिनिअर, चालू केली होती. दुपारभर तिने छान वीज नेली. आणि सूर्य खाडीपलीकडे टेकतोय न टेकतोय तोच तिने मान टाकली. म्हात्रेंनी पुन्हा चालू करून पाहिली. पुन्हा गेली.

"आजचाच दिवस मिळाला हिला," मी म्हटलं.

"का? आज काय?" म्हात्रेंनी विचारलं आणि लगेच स्वतःच कपाळावर हात मारला. "हां. कॉन्सर्ट."

त्या कॉन्सर्टबद्दल आता सगळेच बोलतात. आमच्या किनाऱ्यावर वादळ येऊन गेलं होतं. घरांची छपरं उडाली होती, सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या होत्या. वादळग्रस्तांसाठी मदत गोळा करायला मुंबईच्या स्टेडियममध्ये मोठमोठे रॉक बँड एकत्र येणार होते. टीव्हीवर थेट प्रक्षेपण होतं. देशभर लोक त्या संध्याकाळची वाट बघत होते. फक्त ज्यांच्यासाठी हे सगळं चाललं होतं, त्यांच्यातल्या सावरखारकडे लाईट नव्हती.

आगरदांड्याच्या अलीकडे, खाडीच्या तोंडाशी हे गाव आहे. आमच्या लाईनचं शेवटचं टोक. वादळात तिकडचे बहुतेक खांब पडले होते. हॉस्पिटल आधी, पाणीपुरवठा नंतर, मग मोठी गावं, असं करत करत सावरखारचा नंबर शेवटी लागला. गावात एकच जनरेटर होता, तो आरोग्य उपकेंद्रात लसींच्या फ्रीजला लावला होता. इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या केव्हाच उतरल्या होत्या. मोबाईल टॉवर बंद. अशा गावातून जुलेखा आपा नावाच्या बाई दोन दिवसांआड सबस्टेशनला यायच्या. गावात शिवणकाम करायच्या, नवरा मस्कतला. भांडायला कधीच आल्या नाहीत. येताना घावने घेऊन यायच्या आणि विचारायच्या, "मॅडम, कंदी?"

एकदा मीच विचारलं, "आपा, तुम्हाला एवढी घाई कसली आहे?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. त्यांची मुलगी सना मुंबईत कॉलेजात होती आणि एका बँडमध्ये ड्रम वाजवायची. तो बँड या कॉन्सर्टमध्ये होता.

"माझी सना टीव्हीवर वाजवनार हाय, मॅडम. ल्हान होती तवा खालूबाजावाल्यांच्या मागं मागं फिरायची. लगीन कोनाचं का असंना, ही ढोलवाल्याच्या बाजूला. मासळीच्या पेट्या बडवून बडवून फोडल्यान तिनं. मुरुडला जाऊन मी तिला फोन केला, तर पयला सवाल, अम्मी, तू बघशील ना? मी व्हय बोलले. आता माझी जबान तुमच्या हातात हाय."

बाईंनी हे इतकं हसत सांगितलं की मला त्याचं ओझंच वाटलं नाही. ओझं आता वाटत होतं, हिरव्या दिव्याकडे बघताना.

मी आमच्या साहेबांना, देशमाने साहेबांना फोन लावला. ते उपविभागाचे प्रमुख. वादळापासून त्यांचा आवाज बसलेलाच होता.

"मॅडम, आज राहू द्या. अंधारात काम नको. उद्या सकाळी लाईन तपासा."

"साहेब, सकाळी काही सापडणार नाही. सकाळी ऊन चढलं की लाईन धरेल. दुपारी धरलीच होती. हा दोष संध्याकाळीच उगवतोय, तर तो संध्याकाळीच बघायला हवा."

"हे कॉन्सर्टसाठी चाललंय का?"

"हो साहेब. पण कारणही खरं आहे."

मग ते म्हणाले, "परमिटशिवाय कोणी खांबाला हात लावायचा नाही. आणि तुम्ही स्वतः चढायचं नाही."

"नाही चढत."

"मग जा."

परमिट म्हणजे लाईन बंद आहे आणि कामाच्या माणसाने सांगितल्याशिवाय ती कोणी चालू करणार नाही, याची लेखी हमी. आमच्या धंद्यात जीव त्या कागदावर टांगलेला असतो.

जीपमध्ये माझ्यासोबत आमचे सर्वांत जुने लाईनमन भगत आणि त्यांची टीम. वादळानंतर आम्हाला वॉकीटॉकी मिळाले होते, त्यामुळे म्हात्रेंशी बोलता येत होतं. भगतांचं मत पक्कं झालं होतं.

"मॅडम, गावातला डीपी जळलाय. माझा शब्द घ्या."

डीपी म्हणजे अकरा हजार व्होल्टची वीज घरच्या दोनशे तीस व्होल्टवर आणणारा ट्रान्सफॉर्मर. भगतांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. वादळात त्या डीपीवर माड पडला होता. आम्ही तडक गावात गेलो, म्हात्रेंकडून परमिट घेऊन डीपीचे फ्यूज उतरवले, म्हणजे डीपी लाईनपासून वेगळा झाला. मग परमिट परत करून म्हात्रेंना लाईन चालू करायला सांगितली. डीपीचा दोष असता तर लाईन आता टिकायला हवी होती.

टिकली नाही.

"मग माझा शब्द परत द्या," भगत म्हणाले. त्याही धावपळीत मला हसू आलं.

गावात एव्हाना अंधार पडत होता. जमातखान्याच्या, म्हणजे मोहल्ल्याच्या सभागृहाच्या, ओट्यावर टेबल, टेबलावर टीव्ही, टीव्हीवर स्वच्छ चादर. दुपारी लाईट होती तेव्हा पोरांनी छपरावरची डिश सरळ करून चित्र आणून ठेवलं होतं. समोर चटया. मराठी शाळेकडच्या आळीतून पाटील, ठाकूर मंडळी खुर्च्या घेऊन आली होती. सगळं गाव काळ्या टीव्हीसमोर बसलं होतं आणि मला बघून एकदम गप्प झालं. मला ओरडलेलं परवडतं. हे गप्प होणं परवडत नाही.

जुलेखा आपा पुढे आल्या. "सुरू झाला असेल ना, मॅडम?"

"झाला असेल. सनाचा बँड कधी आहे?"

"दिवेलागणीनंतर, बोलली ती."

दिवेलागण तर आमच्या डोक्यावर होती. आम्ही परत निघालो. लाईनच्या मध्यावर, खारजमिनीचा बांध सुरू होतो तिथे, एक एबी स्विच आहे. खांबावरचा मोठा खटका. तो उघडला की लाईनचे दोन तुकडे होतात. तो उघडायला लावला आणि म्हात्रेंना फक्त सबस्टेशनकडचा तुकडा चालू करायला सांगितला. तो टिकला. म्हणजे दोष गावाकडच्या तुकड्यात, बांधावरून जाणाऱ्या लाईनमध्ये. अर्धं रान मोकळं झालं.

पण बांधावर काय असेल? तारा नव्या ओढलेल्या. खांब नवे. झाड एकही नाही, फांदी टेकायचा प्रश्नच नाही. मी जीपच्या बॉनेटवर हात टेकून उभी होते. हात ओला झाला. दव पडत होतं. ओला हात मी सवयीने ओठांवरून फिरवला आणि तोंड खारट झालं.

तारा आणि खांब नवे होते. पण खांबांवरचे इन्सुलेटर? इन्सुलेटर म्हणजे चिनी मातीचा, छत्रीसारखा तुकडा. तार त्याच्यावर बसते. त्याच्यामुळे तारेतली वीज खांबात उतरत नाही. नवा माल कमी पडला म्हणून बांधावर आम्ही पडलेल्या खांबांवरचे जुने, न फुटलेले इन्सुलेटर काढून पुन्हा बसवले होते. वादळात पाऊस लवकर थांबला होता, पण वारा नंतरही खाडीचं पाणी उडवत राहिला होता. त्या प्रत्येक छत्रीवर मीठ बसलं होतं. दुपारच्या उन्हात कोरडं मीठ काही करत नाही. संध्याकाळी दव पडलं की ते ओलं होतं, आणि ओल्या मिठातून वीज वाट काढते.

"भगत, जीपचे दिवे बंद करा. सगळ्यांनी खांबांपासून लांब, रस्त्यावर थांबा. आपण एकदा हा तुकडा चालू करून बघू. नुसतं बघायचं."

"काय बघायचं, मॅडम?"

"खांब काय बोलतात ते."

लाईन बंद ठेवून एबी स्विच जोडला, सगळे मागे आले आणि मी वॉकीटॉकीवर सांगितलं, "म्हात्रे, द्या."

आधी आवाज आला. गरम तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा चर्रचर्र आवाज, बांधाच्या मधल्या भागातून. मग दिसलं. काळ्या आकाशाखाली काही खांबांच्या टोकांवर जांभळट ठिणग्या नाचत होत्या. एका खांबावर तर ठिणगीची रेघच खाली उतरली. पुढच्या क्षणी सगळं विझलं. वॉकीटॉकीत म्हात्रे म्हणाले, "गेला, मॅडम."

"जाऊ दे! सापडला!" मी एवढ्या जोरात ओरडले की म्हात्रेंनी नंतर मला कान दाखवला.

आता धुवायचे होते. लाईन बंद, परमिट घेतलं, दोन्ही बाजूंनी अर्थिंग केलं, म्हणजे चुकून वीज आलीच तर ती माणसात न जाता जमिनीत जाईल. पण धुवायला गोडं पाणी हवं. खाडीच्या पाण्याने पुसलं तर मिठावर मीठ. आणि सावरखारच्या विहिरी वादळात खारट झाल्या होत्या. गोडं पाणी फक्त टँकरचं, घरटी मोजून मिळणारं, प्यायचं.

ते मागायला मी स्वतः गेले. जमातखान्यासमोर उभी राहून सांगितलं, "लाईट येईल. खात्री नाही देत, पण येईल असं वाटतंय. मला प्यायचं पाणी लागेल आणि सुके कपडे."

कोणी विचारलं नाही की किती. जुलेखा आपा उठून घरात गेल्या आणि डोक्यावर हंडा घेऊन आल्या. मग पाटलांची सून कॅन घेऊन आली. मग सगळ्यांची रांगच लागली. आपांनी कपड्यांचं गाठोडं माझ्या हातात कोंबलं. "नवीन कापड हाय, कतरनी. धागा सुटनार न्हाय."

बांधावर मग जे काही चाललं ते कॉन्सर्टपेक्षा कमी नव्हतं. भगत आणि त्यांची माणसं सेफ्टी बेल्ट लावून खांबांवर. खाली बायका ओले आणि सुके कपडे वेगवेगळ्या बादल्यांत ठेवून दोरीने वर पाठवतायत. ओल्याने पुसायचं, मग सुक्याने. वरून मळलेला कपडा खाली पडला की कोणीतरी तो जिभेला लावून बघायचं आणि ओरडायचं, "खारट हाय, परत पुसा!" माझे हात शिवशिवत होते, पण परमिट माझ्या नावावर होतं. ज्याच्या नावावर परमिट, त्याने जमिनीवर उभं राहून माणसं मोजायची. मी माणसं मोजत उभी राहिले.

इतक्यात दूरवरून, मुरुडच्या बाजूने, फटाक्यांचा आवाज आला. तिकडे लाईट होती. तिकडे लोक कॉन्सर्ट बघत होते, आणि सना त्यांनाही आपलीच पोर.

"मॅडम, सुरू झालं वाटतं तिचं," पाटलांची सून म्हणाली.

"भगत!"

"झाला, मॅडम, शेवटचा!"

माणसं खाली उतरली. मोजली. अर्थिंग काढलं. गावात जाऊन डीपीचे फ्यूज बसवले आणि मगच परमिट परत केलं. त्याआधीच आपांना मी गावात पिटाळलं होतं, घरोघर सांगायला की पंखा, फ्रीज, पंप सगळं बंद ठेवा, एकच बल्ब. बंद असलेलं गाव एकदम चालू झालं की सगळी यंत्रं एकाच वेळी वीज ओढतात आणि लाईन पुन्हा पडू शकते. भगतांनी हात जोडून कपाळाला लावले.

"म्हात्रे, द्या."

चर्रचर्र नाही. ठिणगी नाही. नुसता डीपीचा हुंकार. मग गाव उजळलं. एकेका खिडकीतून एकेक बल्ब, आणि जमातखान्याच्या ओट्याकडून असा गलका उठला की तो आजही माझ्या कानात आहे.

आम्ही धावतच गेलो. टीव्हीवर आधी जाहिरात. लोकांनी जाहिरातीलाही टाळ्या वाजवल्या. मग स्टेडियम. हजारो माणसं, हजारो मोबाईलचे उजेड. आणि ड्रमच्या मागे एक बारीकशी, केस अगदी कमी केलेली मुलगी.

"सना!" सगळं गाव एका आवाजात.

"केस कापलेन," जुलेखा आपा म्हणाल्या. "मला सांगलं न्हाय."

खरं सांगते, तो कॉन्सर्ट मी निम्माच पाहिला. निम्मा वेळ मी ओट्यावरच्या बल्बकडे बघत होते. तो जरा मंद झाला की मी वॉकीटॉकीला हात घालायची. पण मधे एक क्षण असा आला की मी बल्ब विसरले. गिटारवाले थांबले आणि सना एकटीच वाजवू लागली. आधी काही कळलं नाही. मग ओट्यावरचे म्हातारे ताठ झाले. तो खालूबाजाचा ठेका होता. लग्नाच्या वरातीत आमच्या किनाऱ्यावर वाजतो तो. मुंबईच्या स्टेडियममध्ये, त्या राक्षसी स्पीकरांतून तो ठेका पडला आणि इथे सावरखारात चटया सोडून सगळे उभे राहिले. भगत नाचत होते. हेल्मेट घालूनच.

गाणं संपलं. सनाने माईक घेतला. घामाने चेहरा चमकत होता. ती आधी हिंदीत बोलली, मग मराठीत.

"हा ठेका माझ्या गावचा आहे. सावरखारचा. पण माझं गाव हे बघत नाहीये. तिथे अजून लाईट नाही. माझी अम्मी अंधारात बसली आहे. तुम्ही मदत करताय, तर तिच्यासारख्या सगळ्यांची आठवण ठेवा."

स्टेडियममध्ये एकदम शांतता पसरली. सावरखारात मात्र कल्लोळ. "हाय! हाय! लाईट हाय!" गाव टीव्हीवर ओरडत होतं. "अगो, बघतोय आमी!" पाटलांचे आजोबा काठी उंचावून टीव्हीला समजावत होते. आपा पुढे होऊन पडद्याला हात लावून म्हणाल्या, "सना, मी हतं हाय. हतं हाय मी." आणि हसता हसता रडायला लागल्या.

त्याच वेळी मोबाईल टॉवर जिवंत झाला. टॉवरच्या बॅटऱ्या पार उतरल्या होत्या; दुपारच्या विजेने त्या अर्ध्यामुर्ध्या भरल्या होत्या, उरलेलं काम आत्ता झालं. गावातले सगळे फोन एकदम वाजायला लागले. त्यांत माझाही. देशमाने साहेब.

"मॅडम! ऐकलंत? सावरखार अंधारात आहे, हे आत्ता अख्ख्या देशाने ऐकलं! आपले मुंबईचे मोठे साहेब पहिल्या रांगेत बसलेत. त्यांचा फोन आला होता. मी काय सांगू?"

"सांगा की सावरखार टीव्ही बघतंय."

"काय?"

मी फोन उंच धरला. गलका, टीव्ही, भगतांची शिट्टी, सगळं त्यांना ऐकू दिलं. पलीकडे साहेबांचा बसलेला आवाज एकदम सुटला. "अहो, मग मला आधी कळवायचं नाही का!"

"कसं कळवणार? आत्ता तर टॉवर आला."

"वॉकीटॉकीवर म्हात्रेंना सांगायचं होतं, त्यांनी मला फोन केला असता. थांबा, ठेवतो. मोठ्या साहेबांना सांगतो."

त्यांनी मोठ्या साहेबांना सांगितलं. मोठ्या साहेबांनी कोणाला सांगितलं मला माहीत नाही. पण पुढचं गाणं झाल्यावर निवेदकाने सनाला पुन्हा स्टेजवर बोलावलं आणि तिच्या कानात काही सांगितलं. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर होता. आधी तिला पटलंच नाही. मग तिने दोन्ही हात तोंडावर धरले. स्टेडियमला काय झालं कळत नव्हतं. आम्हाला कळत होतं.

तिने माईक घेतला. "लाईट आलीये," ती म्हणाली. "अम्मी बघतेय." पुढे तिला बोलवेना. मग ती पळत ड्रमकडे गेली आणि तोच ठेका पुन्हा सुरू केला, आणि त्या वेळी पूर्ण स्टेडियम टाळ्यांनी साथ देत होतं. नंतर लोकांनी मोबाईलवर हजारदा बघितली ती हीच दोन मिनिटं. मी ती जुलेखा आपांच्या शेजारी उभी राहून पाहिली. आपांनी माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटांवर वळ उठले.

लाईन त्या दिवशी टिकली. नंतरही टिकली.

दुसऱ्या दिवशी देशमाने साहेबांनी मला ऑफिसात बोलावलं. मला वाटलं, शाबासकी. ती मिळालीच, पण चहाच्या घोटाएवढी. मग त्यांनी किनाऱ्याचा नकाशा पसरला. वादळानंतर दिवसा धरणाऱ्या आणि संध्याकाळी पडणाऱ्या लाईनी आमच्या एकट्याच्या नव्हत्या. शेजारच्या उपविभागांतून तशाच तक्रारी येत होत्या आणि सगळीकडे डीपी बदलणं चाललं होतं. त्या आठवड्यात आम्ही खाडीकाठच्या सगळ्या लाईनींचे इन्सुलेटर गोड्या पाण्याने पुसून घेतले. त्यांतल्या बऱ्याच लाईनी लगेच सुधारल्या. आजही आमच्याकडे मोठं वादळ गेलं की तारा जोडून झाल्यावर पहिलं काम पुसण्याचं असतं.

सना पुढे गावी आली तेव्हा सबस्टेशनला भेटून गेली. म्हात्रेंनी तिला पॅनल दाखवलं. तिने लाल दिव्याचा फोटो काढला. लाल म्हणजे चालू, हे तिला तीनदा सांगावं लागलं.

आता मी फील्डवर नाही. नव्या इंजिनिअरांना शिकवते. त्यांना दोन गोष्टी सांगते. एक, दोष ज्या वेळी दिसतो त्याच वेळी त्याला गाठा. आणि दुसरी, लाईट गेली की ते सगळ्या जगाला आपोआप कळतं. लाईट आली, हे मात्र तुम्हालाच कळवावं लागतं. आधी कळवा, मग टीव्ही बघा.